मेंढीने पास केलेलं लाल शेवाळ

शिरूर बसस्थानकात कंडक्टरने माझ्या पिशवीला ‘सुकट’ म्हटलं, याचा मी इथे जाहीर निषेध नोंदवतो. आत रत्नागिरीच्या मित्राने दिलेलं लाल समुद्री शेवाळ होतं. वनस्पती. सोवळी, वाळवलेली.

“आसंल. पन वास सुकटीचाच हाय. मागं बसा.”

मी पुढेच बसलो.

खुटबावला जायचं तर न्हावरेमार्गे चौफुल्याची एसटी धरा, तिथून वडाप जीप. न्हावऱ्यात गाडी थांबते तेवढ्यात चहा-भेळ उरकते. मग ऊस, कांदा, पुन्हा ऊस आणि भीमेवरचा पूल.

खुटबावला माझी धाकटी बहीण सुमन असते. तिच्या अंगात रक्त कमी. पाण्याची कळशी उचलली तरी खाली बसते. आमच्या मेंढपाळ घराण्यात संस्कृत शिकलो मी एकटाच, त्यामुळे लोकांच्या हसण्याची मला सवय आहे. संस्कृत कवींनी शैवाल कमळाभोवती शोभेला ठेवलं. मी ते ताटात वाढायचं ठरवलं. त्यात लोह आहे, प्रथिनं आहेत, आयोडीन तर इतकं, की चिमूटभरच खावं.

सुमनचे सासरे माळकरी. “समुद्रातलं घरात न्हाई, पाव्हणं.”

“मामा, पाला आहे हो तो.”

“त्ये मेंढी ठरवंल.”

कळपामागे फिरायचे तेव्हाची ही त्यांची रीत: अनोळखी पाला आधी म्हाताऱ्या मेंढीपुढे धरायचा. आता दारात एकच मेंढी उरलीय. तिने हुंगलं, मूठभर फस्त केलं आणि पिशवीतच तोंड घातलं.

“पास!” मामा म्हणाले. “तुमच्या संस्कृतापरीस हिचं खरं.”

सुमनने उरलेलं तव्यावर परतून लसणाच्या चटणीत कुटलं. शेजारीण दारात नाक मुरडून उभी होती; सुमनने तिच्याकडे बघत बाजरीच्या भाकरीशी दुसरा घास घेतला. “दादा, मीठसुदिक लागत न्हाई यात!”

निघताना आरशामागे लोहाच्या गोळ्यांची पाकिटं दिसली. एकही फोडलेलं नव्हतं.

“मळमळतं त्यानं. आता तुझा पाला हाय की.”

“सुमे, हे तोंडीलावणं आहे. औषध नव्हे.”

“व्हय रे, व्हय.”

घरी येऊन पिशवी दोनदा धुतली. वास आहेच. शेवाळाबद्दल बोललेला एक शब्दही मी मागे घेणार नाही, कंडक्टर समोर आला तरी. पण आमची आईही अशीच ‘व्हय, व्हय’ म्हणायची आणि गोळ्या डब्यात साठवायची. सुमन माझ्या चिमूटभर पाल्यावर विसंबून त्या गोळ्या कधीच घेणार नाही, याची मला भीती वाटते.