शेवटच्या गोष्टीची जोडलेली पानं

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. चिपळूणला शाळेत सायन्स शिकवतो, म्हणजे हसण्याचाच पगार घेतो म्हणा ना! पण हे माझ्याच घरात झालंय... हसू कसं?

गाव पूर्णगड, साल २००१. थोरला भाऊ, सुधादादा, बोटीवर नोकरीला. विज्ञानकथांचं त्याला भारी वेड. त्यातला एक जुना संग्रह म्हणजे जीव की प्राण – सगळ्या गोष्टी परग्रहावरच्या एकाच वसाहतीतल्या, दर गोष्टीत एक नवं घर. आईला वाचता येत नव्हतं. सुट्टीवर आला की तो तिला एखादी वाचून दाखवायचा. शेवटची मात्र मुद्दाम ठेवलेली. तिची पानं छापखान्यातून कडेला जोडलेलीच आली होती, ती त्याने कापलीच नाहीत. बोट कायमची सोडली की घरी बसून वाचू, म्हणायचा. आईही त्या पुस्तकाला कोणाला हात लावू द्यायची नाही.

मे महिना, मी घरी होतो. आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मध्येच थांबली, मला जवळ बसवलं आणि शेवटची गोष्ट सांगायला लागली. वसाहत ओस पडलीय, उरलेला एकटा माणूस आधीच्या गोष्टींतल्या घराघरांत जाऊन दिवे मालवतोय... आणि स्वतःच्या घरी काही पोचत नाही. मला वाटलं, हिला ऊन लागलं. कोणी सांगितली, विचारलं.

“सुधानं. वाचून संपवलंन त्यानं.”

एवढं बोलून हात धुतले आणि आत जाऊन बसली.

मला रागच आला. पुस्तक काढलं. पानं जोडलेलीच होती. ब्लेडने कापली – तीच गोष्ट, तीच घरं, त्याच क्रमाने. ब्लेड तिथेच टाकलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

संध्याकाळी शेजाऱ्यांकडे बोटीच्या कंपनीच्या एजंटचा फोन आला. दादा बोटीवर सापडत नव्हता. तो पुढे कधीच सापडला नाही.

मित्र म्हणतात, दुसरी प्रत मिळाली असेल त्याला कुठल्यातरी बंदरात. मिळाली असेल हो! पण आईला कोणी सांगितली?

दादा कधीही येऊन ठेपायचा, म्हणून आई पुढच्या दाराला कडी घालू द्यायची नाही. त्या संध्याकाळी फोनवर बोलून मी घरी आलो. उंबऱ्यातच उभा राहिलो. तिने वर पाहिलंही नाही.

“ये आत,” म्हणाली. “आणि कडी घाल.”