फिरायले की नांदायले?

उमरखेडहून येणाऱ्या एसटीत एक नवी लग्न झालेली पोरगी माझ्या शेजारी होती. नवरा कॅनडात. ती ओढणी बोटाला गुंडाळायची, सोडायची.

"आजी, फिरायचा व्हिसा लवकर भेटते, पण वापस या लागते. बायको म्हणून जायचं तं वर्षभर वाट पाहा. काय करू?"

मी काय सांगणार? बोरी अरबहून जवळच्याच लोहाऱ्याला नांदायला गेले, तेव्हा सातासमुद्रापार निघाल्यासारखी रडले होते. आठवड्यातच लोणच्याची बरणी विसरल्याचं सांगून माहेरी पळाले!

"तुह्या मनात काय हाय, पोरी?"

"नवऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून कशी जाऊ? नांदायलेच जाईन. पण वर्षभरात त्यायले एकटं राह्याची सवय लागली तं?"

"नाही लागत!" मी इतक्या जोरात म्हणाले, की कंडक्टरनंही वळून पाहिलं.