भिंतीवरून फेकलेली वचनं

आमच्या घरात दिवेलागणीला बायबलवाचन व्हायचं म्हणजे व्हायचंच. पाहुणे असोत, कुणाला ताप असो, वीज गेलेली असो, एक अध्याय झाल्याशिवाय ताटं मांडली जात नसत. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, शेजारच्याच दोन खोल्यांत राहत. वाचन दोन्ही घरांचं मिळून, आमच्या ओसरीवर होई. मोठे बाबा वाचत, बाबा प्रार्थना करत. काल जिथे थांबलो तिथून आज पुढे, हा मोठ्या बाबांचा नियम. कंटाळवाण्या वंशावळ्या आल्या तरी गाळू देत नसत. "मनाले येईन ते वाचाले हा का पेपर आहे?" म्हणत.

मग थोरल्या चुलतबहिणीचा साखरपुडा झाला. आमच्या लोकांत जेवणाआधीची प्रार्थना करणं हा मोठा मान. मोठ्या बाबांनी तो मुलाकडच्या एका पाहुण्याला दिला. बाबांनी आडून विचारलं, तर सगळ्यांदेखत हसत म्हणाले, "तुही प्रार्थना भल्ली लांबते गा. पुलाव थंडा होऊन जाते."

खोटं नव्हतं ते. बाबा डोळे मिटून उभे राहिले की परदेशातल्या मिशनऱ्यांपासून सुरुवात करत आणि कॉलनीतल्या नळापर्यंत येईतो पोरं पेंगायला लागत. पण खरं बोललं की सख्ख्या भावाच्याही अंगाला लागतं. बाबा न जेवता घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून वाचन दोन ठिकाणी सुरू झालं.

दोन घरांमधली भिंत छताला भिडत नव्हती. वर कवेलूंचं छप्पर, मधे हातभर मोकळी जागा. इकडचं तिकडे सगळं ऐकू जाई. बाबांनी क्रम सोडला आणि बायबलातलं नीतिसूत्रांचं पुस्तक धरलं. भावाला लागेल असं काय काय सापडतं ते दुपारीच शोधून ठेवायचं काम माझं. मी आठवीत होते, आवाज खणखणीत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा येई. गर्विष्ठाची वचनं, मूर्खाची वचनं, भावाला दुखावणाऱ्याची वचनं. भिंतीकडे तोंड करून मी एकेक फेकायची. आई म्हणायची, "देवाचं वचन आहे वं ते, गोटे नाहीत." आम्ही दोघं तिच्याकडे लक्ष देत नव्हतो.

तिकडूनही उत्तर येई. ताठ मानेचे लोक, बेइमान लोक, भावाला फसवणारे भाऊ. मोठे बाबा सावकाश वाचत, त्यामुळे ते जास्तच झोंबे. "पाह्य, मले टोमणे मारून राहिला," बाबा म्हणत, आणि मी पानं उलटून आणखी जहाल काहीतरी काढी.

हिवाळ्यात तिकडचा आवाज उतरू लागला. आधी घोगरा झाला, मग पुटपुटण्याएवढा, आणि एका संध्याकाळी तिकडून काहीच आलं नाही. "हरला," बाबा म्हणाले. मी तर हवेतच होते. मुद्दाम, आपलं तोंड आवरणाऱ्या शहाण्याचं वचन शोधलं आणि दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा आणखी मोठ्याने.

तेवढ्यात मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, दारात आली. साखरपुड्यानंतर ती पहिल्यांदाच आमचा उंबरा चढत होती. मला वाटलं, आता खडाजंगी होणार. ती म्हणाली, "भाऊजी, पोरीले जरा अजून मोठ्यानं वाचाले सांगा. थंडीपायी खाट आतल्या कोपऱ्यात नेली, तर त्याइले बराबर ऐकू नाही येऊन राहिलं."

"काहून? दादाले काय झालं?"

घशात गाठ होती. मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून झालं होतं. आवाज गेला होता आणि तो परत येईल असं कुणी म्हणत नव्हतं. "तुम्ही बोलत नव्हते, म्हणून मी आली नाही," मोठी आई म्हणाली. "त्याइचं यिर्मयाचं पुस्तक अर्धंच राहिलं. आता तुमचं वाचन तेच त्याइचं वाचन. आवाज होता तवा म्हणत, धाकट्यानं नीतिसूत्रं धरली, बेस केलं."

म्हणजे ते आम्हाला उत्तर देतच नव्हते. साखरपुड्याच्या आधी जिथे थांबलो होतो, तिथून रोजचा अध्याय वाचत होते. यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांवर कडाडत होता आणि आम्ही ते अंगावर ओढून घेत होतो. ज्या वाचनावर त्या माणसाचा दिवस टेकलेला होता, त्याचे आम्ही गोटे केले होते. मला तिथेच रडू फुटलं.

बाबा अनवाणी तिकडे धावले आणि खाटेच्या पायाशी बसले. मोठ्या बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग मला जवळ बोलावलं, भिंतीकडे बोट दाखवलं आणि माझ्यासमोर, आठवीतल्या पोरीसमोर, दोन्ही हात जोडले. बाबांचे ओठ हलले, पण खरं काय ते त्यांच्याने सांगवलं नाही. माझ्याने तर नाहीच.

यिर्मया मी त्यांच्या खाटेशी बसून पुरा केला, एकही ओळ न गाळता. उन्हाळ्यात ते गेले. दफनविधीला पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले की या पुतणीने काकांना शेवटपर्यंत वचनाची उपासमार होऊ दिली नाही. सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. मी मान खाली घातली, आणि मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "किती नम्र आहे पोरगी."