भरतीच्या दिवशीची मॅच

मामानं माझं बखोट धरलं होतं आणि मी भिलवडी स्टेशनवर हॉकी स्टिक सोडत नव्हतो. पंधरा वर्षांचा होतो. मामाचं सेलमला सोनं गाळायचं दुकान. त्याला हाताखाली घरचा माणूस पाहिजे होता, आणि आमच्या भागातली रीतच ती, पोरगं शाळेत रमत नाही असं दिसलं की मामा नाहीतर चुलता येतो आणि त्याला गलाईच्या धंद्याला घेऊन जातो. तमिळनाडू म्हणा, केरळ म्हणा, पंजाब म्हणा, जिथं सोनार आहे तिथं आमच्याकडचा एक तरी गलाईवाला भट्टीपुढं बसलेला सापडतो. जाण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार एवढीच, की रविवारी आमच्या शाळेची तालुक्याची फायनल होती आणि गाडी गुरुवारची. तीन दिवस थांबा म्हणून मी आदल्या दिवसापासून जेवलो नव्हतो. वडिलांनी स्टिक हातातनं ओढून घेतली आणि म्हणाले, "तिकडं काय बॉल मारत बसणार हायस व्हय रं? जिथं पोट भरंल ते आपलं गाव. चढ गप." फायनल हरल्याचं मला पंधरा दिवसांनी पत्रातनं कळलं. माझ्या जागी उतरवलेल्या पोराला स्टिक धरता येत नव्हती, हे मी त्यानंतर तीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलो.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहितोय. राग आला तर येऊ दे. मला माझाच आलाय.

आमच्या गावात क्रिकेटच्या आधी हॉकी आली, ती फौजेतनं. एका घराआड एक फौजी. त्यातले सुभेदार आण्णा पेन्शनीवर आले आणि त्यांनी शाळेमागचं माळरान स्वतः दगड वेचून साफ केलं, फक्कीनं रेघा मारल्या आणि आम्हाला पहाटे लाथा घालून उठवलं. शिव्या हिंदीत, कौतुक मराठीत, तेही वर्षातनं एकदा. आज पलूसच्या बाजूच्या ज्या कॉलेजात आमची पोरं जातात, तिथल्या हॉकीच्या टीममध्ये निम्मी आमच्या गावची असतात.

सेलमला मला सगळे 'सेट्टू' म्हणतात, म्हणजे उत्तरेकडनं आलेला शेठ. सुरुवातीला राग यायचा. आता कुणी माझ्या नावानं हाक मारली तर मीच वळून बघत नाही. दिवसभर मुशीतलं वितळतं सोनं हलवायचं, तोडक्यामोडक्या तमिळमध्ये 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, करत माना डोलवायच्या, सुट्टीच्या दिवशी बायकोनं भाकरी केली तर पोरं डोसा मागतात. पोरगी आमच्या गावाला 'नेटिव्ह' म्हणते. "पप्पा, नेटिव्हला कधी जायचं?" असं. मला ते ऐकलं की कुणीतरी गावाची शासकीय नोंद वाचून दाखवतंय असं वाटतं. मग माझ्यापाशी गाव म्हणून उरलं काय? जमीन भावानं केली, भाऊ गेल्यावर वहिनीनं वाट्यानं लावली. देवळाच्या यात्रेला जाणं होत नाही. उरली हॉकी. व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा ग्रुप आहे. सेलम, मदुराई, त्रिचूर, लुधियाना, कुठले कुठले गलाईवाले त्यात आहेत. कॉलेजची मॅच असली की मैदानावरचा कुणीतरी मोबाईल धरतो आणि आम्ही भट्टी मंद करून बघत बसतो. टीमला जर्स्याही आम्हीच पाठवल्या. पाठीवर पोरांची नावं नाही घातली, गावाचं घातलं. तेव्हा ते फार भारी वाटलं होतं.

गेल्या साली टीम विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्यांदाच सेमीला गेली. कॅप्टन माझा पुतण्या धीरज. भाऊ वारल्यापासनं घरात तो आणि वहिनी दोघंच, आणि मी हजार किलोमीटर लांब बसलेला कर्ता पुरुष. धीरज सेंटर हाफ. बॉल त्याच्याकडं आला की मैदान जरा वेळ थांबायचं. सेमी साताऱ्यात ठरली. आणि त्याच तारखेला धीरजचं अग्निवीर भरतीचं ग्राउंड आलं. लेखी परीक्षा तो पास झाला होता, पळण्यात तर त्याला तोड नव्हती. प्रवेशपत्रावर तारीख छापलेली. क्रीडाशिक्षक त्याला म्हणाले, तू भरतीला जा, मॅचचं आम्ही बघू. वहिनीनं बॅग भरून ठेवली. धीरजनंही जायचं ठरवलं होतं. यातलं काही मला नंतर कळलं असं नाही. सगळं आधीच माहीत होतं.

ग्रुपवर जी बोंबाबोंब झाली ती तुम्हाला आठवत असेल. कॅप्टनच नाही म्हणजे मॅच खेळायचीच कशाला? चार वर्षांची तर नोकरी, त्यात काय एवढं? लुधियानावाल्यानं तर रडका आवाज रेकॉर्ड करून पाठवला. उंटावरनं शेळ्या हाकायला आपल्यासारखे हुशार नाहीत. मग सुभेदार आण्णांनी तोंड उघडलं, आणि आण्णा बोलले म्हणजे गावात विषय संपला. "आरं, हाकीचा प्लेअर हाय तो. आमच्या टायमाला असलं पोरगं दिसलं की रेजिमेंट उचलून न्यायची. मी चिठ्ठी देतो, दुसऱ्या दिवशी ग्राउंडला उभं करत्यात त्याला." आण्णांना फौज सोडून तीस-पस्तीस वर्षं झाली होती. पण आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही, की आण्णा, आता भरती चिठ्ठीवर चालते का कॉम्प्युटरवर.

तरी पोरगं ऐकेना. शेवटी ग्रुपवाल्यांनी मला पुढं केलं. तात्या, तुमचा शब्द तो मोडणार नाही. मी फुगलो. फोन लावला आणि काय बोललो ते मला आजही शब्दाला शब्द पाठ आहे. "धीरज, भरती दरसाल येती रं. शेमी न्हाई येत. मी माझी फायनल सोडून गाडीत बसलो, अजून गिळवत न्हाई मला ते. तू तसं करू नको." मी म्हणालो, मी स्वतः येतोय साताऱ्याला, दुकान बंद ठेवून. शेवटी तो म्हणाला, "बरं तात्या." मी ग्रुपवर अंगठा टाकला आणि त्याखाली साठ-सत्तर अंगठे पडले.

साताऱ्यात मॅच अकरा वाजता सुरू झाली. मी दोन दिवस गाडीत घालवून पोचलेला, आण्णा कडक इस्त्रीत, छातीवर पदकं. शेवटच्या मिनिटाला घात झाला, पंचानं मारलं, असं काहीतरी सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसलं काही घडलं नाही. समोरचं शहरातलं मोठं कॉलेज, त्यांची पोरं रोज हिरव्या टर्फवर खेळणारी. आपली पोरं माळावरची. मध्यंतरालाच तीन-शून्य. धीरज एकटा तिघांचं खेळत होता, आणि खेळता खेळता मधेच मनगटाकडं बघायचा. घड्याळ नव्हतं हातात. त्या वेळी तिकडं भरतीच्या मैदानावर पोरं पळून झाली असतील, हा हिशेब तो करत होता, मला तेव्हा वाटलं दमलाय. मी काठावरनं ओरडत होतो, "पळ की रं, पळ!" माझ्या हातातल्या मोबाईलवर, व्हिडिओ कॉलमध्ये आपले गलाईवाले चौकोन करून बसले होते. चौथा गोल झाला आणि मदुराईचा चौकोन गेला. मग त्रिचूर. पाचव्याला लुधियाना. मॅच संपली तेव्हा स्क्रीनवर मी एकटाच मला दिसत होतो. पाच-शून्य. आण्णांनी पदकं काढून रुमालात बांधली.

परतीच्या टेम्पोत मी धीरजशेजारी बसलो होतो. थोरलेपणा करायची खोड वाईट. म्हणालो, "जाऊ दे रं. आता पुढच्या भरतीची तयारी कर. आण्णा चिठ्ठी देत्यात, न्हाई जमलं तर पुढचं साल हायच की."

"पुढचं साल न्हाई, तात्या. वय संपतंय माझं. हीच शेवटची हुती."

मला आधी कळेचना. वय कसलं संपतंय? माझ्या डोक्यात तो सतरा वर्षांचा होता. भावाच्या दिवसांना आलो होतो तेव्हा सतराचा होता, डोकं भादरलेला, माझ्या मागं उभा. नंतर मी येऊन गेलो ते दोन-दोन दिवसांसाठी, वरवरचा. सेलमला माझ्या पोरांचे वाढदिवस करत होतो, पोरगी कॉलेजात गेली हे मला माहीत होतं, आणि इकडं माझ्या भावाचं पोरगं मी सतराचंच धरून बसलो होतो. गाव सोडलेल्या माणसाची ही चूक. मागं राहिलेल्यांची वयं आपण वाढू देत नाही.

"मग बोलला का न्हाईस गाढवा? तोंडात मिठाची गुळणी धरली हुतीस?" मी ओरडलो. चोराच्या उलट्या बोंबा.

तो खिडकीबाहेर बघत होता. "तुमी एवढ्या लांबनं फोन केला. समद्यांनी केला. बा असता तर त्यो न्हाई म्हणला असता. मी कसं म्हणू?"

घरी वहिनीनं आम्हाला दोघांना वाढलं. बॅग तशीच कोपऱ्यात भरून होती. जेवणं झाल्यावर माझ्या हातावर पाणी घालता घालता ती म्हणाली, "भावजी, तुमी मॅचला येता, लगनाला येता. ऱ्हायाचं आमाला असतं हितं." एवढंच. मला त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. ओल्या हातानं मी तसाच अंगणात उभा राहिलो.

आण्णा चिठ्ठी घेऊन भरतीच्या कचेरीत खरंच गेले. बस बदलत, इस्त्रीचे कपडे घालून. तिथल्या जवानानं त्यांना सलाम केला, खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, साब, तारीख गेली की सिस्टीम बंद. आण्णा त्यानंतर ग्राउंडवर आलेले नाहीत. आणि ग्रुप? दोन दिवस पंचाला शिव्या, एक दिवस क्रीडाशिक्षकाला, चौथ्या दिवशी कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस आला आणि केकचे फोटो पडले. धीरजचं काय झालं हे एकानंही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज सांगतोय.

मी त्याला सेलमला चल म्हणालो. धंदा शिकवतो, भट्टी तुझ्या हवाली करतो. त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघून उत्तर दिलं, "तुमच्याकडं नगं, तात्या." आता तो शिरवळला एका कंपनीत कंत्राटावर आहे. तिघंजण एका खोलीत राहतात, पाळ्या बदलतील तशी गादी वापरतात. थेट मिरजेला उतरायचं सोडून मी हल्ली पुण्याचं तिकीट काढतो, म्हणजे एसटीनं गावाकडं येताना वाटेत शिरवळला उतरता येतं.

मागच्या खेपेला त्याची पहिली पाळी सुटायच्या वेळेला गेटवर थांबलो. निळ्या शर्टांच्या घोळक्यात तो मला ओळखूच आला नाही, त्यानंच हाक मारली. समोरच्या टपरीवर चहा घेतला. तब्येत बरी आहे. केस मागं हटायला लागलेत, भावासारखेच. हॉकीचा विषय मी काढला नाही. म्हणालो, "गावाकडं चल की दोन दिस. वैनी वाट बघतीया."

"न्हाई येत, तात्या."

"सुट्टी न्हाई व्हय?"

"सुट्टी हाय." त्यानं कप खाली ठेवला. "ष्ट्यांडवर उतरलं की हाटेलापतोर चार जण भेटत्यात आणि चारी जण त्या मॅचचंच काढत्यात. कुणी म्हणतं तू खेळलास भारी. कुणी म्हणतं जिंकायला पायजे हुती. आयला, मला फकस्त पळायचं हुतं तवा." मग तो उठला, माझी बॅग उचलून बसपर्यंत आणली, जागा धरायला खिडकीतनं आत टाकली, आणि वाकून पायाला हात लावून खोलीकडं गेला.

शिरवळ ते आमचं गाव साडेतीन तास. मी तीस वर्षांपूर्वी हजार किलोमीटर गेलो आणि माझं गाव शाबूत राहिलं. अजून ष्ट्यांडवर उतरलो की लोक 'या तात्या' म्हणतात, हाटेलवाला चहाचे पैसे घेत नाही, कुणीतरी माझ्या त्या हुकलेल्या फायनलची आठवण काढतं. आम्हाला लांब बसून प्रेम करायला गाव पाहिजे होतं म्हणून आम्ही एका पोराचं गाव काढून घेतलं, आणि तो साडेतीन तासांवर बसलाय. यंदा टीमचा नवा कॅप्टन झालाय. ग्रुपवर परवा मला सांगणं आलं, तात्या, त्याला एक फोन करा, तुमच्या शब्दाला वजन आहे. मंडळी, मी करणार नाही. तुम्हीही करू नका. बघायचं तर गुमान बघा, आणि पाचवा गोल झाल्यावरही बघत बसा.

घर म्हणजे आता काय, ते सांगून थांबतो. आमच्या घराचं दार पूर्वीसारखंच उघडं असतं. मी पायरीवर बॅग ठेवतो. वहिनी आतनं लगबगीनं येते, "या भावजी" म्हणते, आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात द्यायच्या आधी माझ्या खांद्यावरनं मागं रस्त्याकडं बघते. शिरवळवरनं आलोय हे तिला माहीत असतं. मी बाजूला सरकतो, तिला नीट दिसावं म्हणून.