थंडीत चढणारा सा

शमीमबाई शेख यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथात तुम्हीही लिहा, असं समितीने कळवलं तेव्हा मी आधी हसले. बाईंचे विद्यार्थी मोठमोठ्या कारखान्यांत आहेत, ते शास्त्रशुद्ध लिहितीलच. मी पडले पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात गाणारी. घरातला फ्यूज उडाला की मेणबत्ती शोधणारी. पण बाईंनी जोडलेल्या पेटीबरोबर मी इतके हंगाम गायले आहे, की त्यांच्या एका कपॅसिटरबद्दल तरी मला अधिकाराने बोलता येईल.

आमची ओळख उंदरांनी करून दिली. धानाची कापणी आटोपली की आमची नाटक कंपनी गावोगाव निघायची. त्या वर्षी गोदामातल्या पायपेटीचा भाता उंदरांनी फस्त केला आणि मालक वासुदेवभाऊ डोक्याला हात लावून बसले. कोणीतरी सांगितलं की बल्लारपुरात एक बाई राहतात, चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात आणि घरी सिंथेसायझर, म्हणजे विजेवर वाजणाऱ्या पेट्या, बनवतात. आम्ही बैलगाडीत घालावं तसं ते धूड टेम्पोत घालून त्यांच्या दारात उभे राहिलो. बाईंनी पायपेटीच्या पट्ट्या तेवढ्या ठेवल्या, बाकी सगळं पोट रिकामं केलं आणि आत आपलं सर्किट बसवलं. एका वेळी एकच सूर वाजायचा, पण काय गोड वाजायचा! भाऊंनी विचारलं, "बाई, एकच सूर काऊन?" बाई म्हणाल्या, "बाकीचे सूर तुमची सुमन लावते नं."

सुटे भाग घ्यायला मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. बाजारात वांगी निवडावीत तसे बाई कपॅसिटर, म्हणजे पेटीचा सूर ठरवणारे विजेचे बारीक भाग, निवडत. दुकानदार त्यांना पाहताच स्टूल पुढे करी आणि घरी निरोप धाडी की जेवायला उशीर होईल. एकाच पुडीतले, दिसायला एकसारखे तुकडे बाई मीटरला लावून पाहत आणि बहुतेक परत करत. "लिहिलेलं असते एक अन् निघते एक," असं म्हणत. दुकानदार कुरकुरायचा, पण चहा मागवायचा.

इतकं निवडूनही पहिल्याच हंगामात संकट आलं, आणि ते माझ्यावर आलं. पौष लागला, थंडी वाढली. पहिल्या अंकात माझं गाणं छान व्हायचं आणि पहाटेच्या शेवटच्या अंकापर्यंत मी पेटीच्या खाली उतरलेली असायची. ताणून गायले तरी सूर हाताला लागेना. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. भाऊंनी एक दिवस बाजूला घेऊन सांगितलं, "सुमन, तुझा गळा बसून राह्यला. पुढच्या गावाले मले दुसरी गायिका पाहा लागन." नवऱ्यामागे माझं घर या गळ्यावर चालत होतं, आणि गळा गेलेल्या बाईला झाडीपट्टीत दुसरी कंपनी दारातही उभी करत नाही.

मी बाईंकडे गेले ती पेटीची तक्रार घेऊन नव्हे. नागपूरला गळ्याचा कोणी डॉक्टर ओळखीचा आहे का, एवढंच विचारायला गेले. बाईंनी हार्मोनियम काढली आणि मला गायला लावलं. सूर जागच्या जागी होता. त्यांनी हार्मोनियम बाजूला सारली. मग म्हणाल्या, "शेवटच्या अंकातच उतरते? पहिल्या अंकात काऊन नाई?" मी म्हटलं, "काय माहीत. तेव्हा थंडी कमी असते." बाईंचा चेहरा एकदम पडला. "डॉक्टर मले पाहिजे, तुले नाई," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मूल गावी आमच्या मुक्कामावर आल्या, येताना बाजारातल्या मासळीवालीकडून बर्फ घेऊन. सगळ्या कंपनीला भोवती बसवलं. हार्मोनियमचा आणि पेटीचा सा जुळवून दाखवला. मग बर्फाची पिशवी पेटीच्या आत ठेवली आणि पट्टी दाबून धरली. पेटीचा सा हळूहळू वर सरकू लागला, हार्मोनियमचा तिथेच राहिला. आमच्या तबलजींनी कपाळाला हात लावला.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "सुमन उतरून नाई राह्यली, माझी पेटी चढून राह्यली. कपॅसिटर मी घरातल्या उबेत तपासले, मांडवातल्या थंडीत नाई. चूक माझी हाये."

"आता लोकाइले काय सांगू?"

"हेच सांगा. नाई तर मी सांगीन."

आणि त्यांनी खरोखर सांगितलं. त्या रात्री पडदा उघडण्याआधी बाई स्टेजवर आल्या आणि भरल्या मांडवासमोर म्हणाल्या की गायिकेचा सूर पक्का आहे, यंत्र बनवणारीचं चुकलं. त्यांच्याकडे पेट्या बनवून घ्यायला आलेले दोन कंपनीवाले पुढे बसले होते. ते त्यानंतर फिरकले नाहीत. बाईंनी त्याचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही.

मग निवड नव्याने सुरू झाली. प्रत्येक कपॅसिटरवर बाई थंड पाण्याचा बोळा ठेवत आणि कान लावून बसत. मातीचे गोल तपकिरी तुकडे बहुतेक सगळे चढले, ते बाद. प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे टिकले. ट्रान्झिस्टरच्या जोड्या जुळवून त्यांची डोकी दोऱ्याने एकत्र बांधली, म्हणजे गारवा दोघांना सारखाच लागेल. मी म्हटलं, "बाई, हे तर नवराबायको एका गोधडीत!" बाई इतक्या हसल्या, की हातातला बोळा माझ्याच अंगावर पडला.

पुढे माझी मुलगी बारावीला असताना वर्षभर बाईंच्या घरी राहिली. ईदचा शीरखुर्मा ती माझ्यापेक्षा चांगला करते. बाईंच्या उपकारांची यादी इथे देत नाही. त्यांना आवडणार नाही आणि मलाही रडू येईल.

मी अजून गाते. गळा आता पूर्वीसारखा नाही हे मला कळतं, पण तोंडावर सगळे छानच म्हणतात. ज्या दिवशी माझा सूर खरोखर उतरेल, त्या दिवशी ते मला फक्त बाईंनी सांगावं. दुसऱ्या कोणाचं मी ऐकणार नाही. बाईंना ठणठणीत तब्येत आणि शाबूत कान लाभोत, आणि मला अजून पुष्कळ वर्षं गायचं आहे, हा हिशेब धरून देवाने त्यांना आयुष्य द्यावं.