कामाचा हात

मशीनवर घ्यायच्या आधी बाई डावा हात कोपरात वाकवून कानाशी नेत, आपण मोबाईल धरतो तसा. डोळे मिटून क्षणभर ऐकत आणि मग मला परवानगी देत, "बोलून राह्यली जी. लावा आता."

बोलत असे ती फिस्टुला. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातातली शीर ऑपरेशन करून धमनीला जोडतात. मग शीर फुगते, जाड होते आणि आमच्या दाभणासारख्या सुया तिच्यात शिरू शकतात. तिथे बोट ठेवलं की आत रक्त घरघरताना कळतं. चंद्रपूरच्या एका डायलिसिस विभागात मी तंत्रज्ञ आहे, सुया टोचणं हे माझं रोजचं काम. बहुतेक रुग्ण त्या वेळी तोंड फिरवतात. बाई मात्र टक लावून बघत आणि वर मला सुधारत. "वाकडी चालली, भाऊ. जरा इकडं घ्या." मला राग यायचा, पण सुई खरंच वाकडी चाललेली असायची.

बाई दूर जंगलपट्ट्यातल्या, आलापल्लीच्या पलीकडच्या एका गावच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, विधवा, मूलबाळ नाही. टोपल्या, सुपं, धान साठवायच्या ढोल्या, जे बांबूचं होतं ते सगळं त्या विणत. रक्तदाब वाढलाय हे वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही आणि कळलं तेव्हा दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. गावाजवळ डायलिसिस नाही, म्हणून चंद्रपुरात ट्रक चालवणाऱ्या भाच्याच्या खोलीत राहायला आल्या. त्या खोलीला एक खिडकी होती आणि ती शेजारच्या भिंतीकडे उघडायची.

"काल मशीन, आज झोप, उद्या मशीन," त्या म्हणायच्या. "गावाले जाऊ केव्हा, सांगा बरं?" मी उगाच मशीनची बटणं तपासायचो.

आमच्याकडे आल्या आल्या आधी वजन होतं. दोन डायलिसिसच्या मधे शरीरात किती पाणी साचलं ते त्यावरून कळतं. सुरुवातीला बाईंचा काटा दर वेळी वर. मी खवळायचो. "बाई, किती पाणी प्यालात?"

"घोटभर. तुमची शपथ."

"मग हे आलं कुठून?"

"मले काय माहीत? सकाळी आंबील जेवली, संध्याकाळी आंबील जेवली."

ज्वारीच्या पिठाची ती पातळ आंबील वाडगाभर प्यायली तरी बाईंच्या लेखी ते जेवण होतं. जेवणाला कुणी पाण्यात धरतं का? मी तावातावाने समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आता उपाशी बी राहू आणि तहानेली बी?" शेजारच्या खाटेवरचे मास्तर एवढे हसले की त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला.

हाताची गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. मशीनवर चार तास डावा हात हलवायचा नसतो. एकदा बाईंनी माझ्यापुढे लिमलेटची गोळी धरली आणि म्हणाल्या, "हिचा कागद काढून द्या."

"उजवा हात मोकळा आहे की."

"तो जेवायचा हात हाय जी. कामाचा नाई."

बाई डावखुऱ्या होत्या. विळा, कोयता, बांबूच्या पट्ट्या सोलायचा सुरा, सगळं डाव्या हातात. फक्त घास तेवढा उजव्या हाताने, कारण लहानपणी ताटात डावा हात घातला की आई चापट मारायची. आता नियम असा की फिस्टुला कामाच्या हातात करू नये, दुसऱ्या हातात करावी, कारण पुढे त्या हाताने ओझं उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, त्याला सुरी लागू द्यायची नाही. ऑपरेशन मोठ्या शहरातल्या दवाखान्यात झालं होतं. तिथे कुणीतरी घाईत विचारलं होतं, "जेवता कोणत्या हाताने?" बाईंनी खरं तेच सांगितलं, उजव्या. तुमच्या-माझ्या घरीही असे डावखुरे असतील. जेवताना बघा, ओळखू येणार नाहीत.

मी आमच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी उजवा हात नीट तपासला, पण सलाईन घेऊन घेऊन तिथल्या शिरा दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. घरच्या घरी पोटातून करायचं डायलिसिस असतं, ते झालं असतं तर बाई गावी राहू शकल्या असत्या. पण पोटाच्या जुन्या ऑपरेशनमुळे तेही जमेना. किडनी द्यायला आईबाप, भावंडं, मूल यांतलं कुणी नव्हतं आणि भाचा नियमाच्या जवळच्या नात्यात बसत नव्हता. डॉक्टर एकेक सांगत होते आणि बाई मान डोलावत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे चारी बाजूनं कुंपण घातलं म्हना." त्या हसल्या, पण डॉक्टरांना काही हसता आलं नाही.

त्याच सुमारास पेपरात बातमी आली की अमेरिकेत डुकराची किडनी जिवंत माणसाला बसवली. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. मग बाईंचा आवाज, "गावडुकराची का रानडुकराची?"

"खास वाढवलेलं डुक्कर असतं, बाई. त्याचं बीजच बदलून घेतात."

"धानाचं बदलवते तसं? मंग आमच्याकडचे न्या म्हना. सारा धान खाऊन राह्यले, काई तरी कामाले येतीन."

त्या दिवशी हॉलभर हशा झाला, पण बाईंनी ती बातमी सोडली नाही. दर खेपेला सुया लागल्या की विचारायच्या, "आपला डुकरावाला कसा हाय?" जणू तो शेजारच्या खाटेवरचाच. मी मोबाईलवर बघून सांगायचो. आणि एक दिवस कळलं की तो माणूस गेला. डुकराच्या किडनीमुळे गेला असं डॉक्टर म्हणत नव्हते, पण गेला. लपवावं असं मनात आलं, पण बाईंपुढे थाप पचत नसे.

बाईंनी एवढंच विचारलं, "दवाखान्यातून घरी गेला होता का?"

"हो. घरी गेला होता."

"मशीन सुटली होती?"

"सुटली होती."

"बरं झालं त्याचं," बाई म्हणाल्या. मी मशीन सुरू केलं.

पुढे नात्यातल्या एका लग्नासाठी त्या गावी गेल्या. दोन डायलिसिसच्या मधली मोठी सुट्टी साधून जायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. ठरलेल्या दिवशी त्यांची खाट रिकामी राहिली. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी येत नाई म्हनते, सर. तुमीच सांगून पाहा." मला संताप आला. एवढ्या वर्षांची मेहनत आमची! सुट्टीच्या दिवशी मी सकाळची एसटी पकडली.

बाई आता नाहीत. भाच्याचा पुढचा फोन थोड्याच दिवसांत आला. हे मी इथेच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट त्या फोनवर थांबवायची नाही.

मी पोचलो तेव्हा बाई अंगणात बांबूच्या ढिगाजवळ बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, दोन शब्दांनंतर दम लागत होता. आणि सुरा डाव्या हातात होता. फुगलेली शीर मनगटापासून वर वळवळत होती आणि सुरा तिच्या अगदी जवळून बांबू सोलत जात होता. इतक्या वर्षांत तो हात मी फक्त उशीवर पडलेला पाहिला होता. तो एवढा हुशार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"न्यायले आले का, भाऊ?"

"हो. आत्ता निघालो तर संध्याकाळी मशीनवर घेतो. नाहीतर काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय जी," बाई म्हणाल्या. "एवढी टोपली होऊ द्या. हे टोक धरा जरा."

मी टोक धरलं. दम लागला की त्या थांबायच्या, पुन्हा सुरू करायच्या. मी रस्त्याकडे कान देऊन होतो. परतीची गाडी येऊन फाट्यावर थांबली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. लग्नापासून तिथेच थांबलेला भाचा म्हणाला, मोटरसायकलवर पुढच्या गावात गाठून देतो. मी म्हटलं, थांब, होतच आलंय. मला रडू येत होतं आणि टोक सोडता येत नव्हतं.

काठ वळून झाला. बाईंनी टोपली फिरवून पाहिली, उपडी करून जमिनीवर ठेवली. मी पँट झटकून उठलो आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.

बाईंनी दुसरा बांबू ओढून घेतला.