चौथ्या दिवसाचं पाणी

माझा डावा हात मनगटात वाकडा आहे. नातवंडं विचारतात तेव्हा मी सांगते, जिन्यावरून पडले. साफ खोटं. हा हात ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यात, शेजारच्या परसात, एका घोडेस्वाराच्या वेताच्या छडीनं मोडला. आणि चूक माझीच होती.

त्या काळी ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी घरांत बाई महिन्याचे तीन दिवस बाहेर बसायची. परसातली खोली, एक कांबळं, वरून ओतलेलं पाणी, लांबून वाढलेलं ताट. तिला कुणी शिवायचं नाही, पुरुषांनी तर तिकडे फिरकायचंही नाही. चौथ्या दिवशी न्हाली की घरात. मला या प्रकाराची मनस्वी चीड होती. पण याच तीन दिवसांचा आम्ही पाच जणींनी उपयोग करून घेतला.

आमची दुपारची पोथी असायची. पोथी उघडी आणि बोलणं भलतंच. त्याला कारण गल्लीतली एक विधवा. तिला दिवस गेले आणि एका सकाळी ती विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणे. पाय घसरलेल्या बाईच्या गळ्यावर बोटांचे वळ उठतात का हो? मी डोळ्यांनी पाहिले होते. त्या दुपारी पोथीवर हात ठेवून आम्ही ठरवलं, जिला मूल नको तिला विहिरीपर्यंत जाऊ द्यायचं नाही. दवाखान्यातली एक नर्सबाई आम्हाला सामील झाली. पकडली असती तर सरळ तुरुंग, तरी झाली. बाईनं खोटं बाहेर बसायचं, नर्सबाईनं परसदारानं यायचं आणि आमच्यातल्या दोघींनी डाळ निवडायचं निमित्त करून खोलीच्या दाराशी बसायचं. बाहेर बसलेलीचं रक्त दिसलं तरी विचारतो कोण? चार जणी अशा सुटल्या.

पाचवी म्हणजे शेजारच्या काकूंची धाकटी सून. नवरा गेलेला, डोक्यावरचे केस उतरवलेले, वय बावीस. तिला दिवस गेले ते काकूंच्या थोरल्या मुलापासून. तो छावणीत घोडदळात होता. मेल्याला भावाची विधवा म्हणजे घरातली वस्तू वाटे. रडारड न करता तिनं मला एवढंच सांगितलं, "भावोजी म्हणतात, पुढच्या आठवड्यात काशीला नेतो. वहिनी, मी परत यायची नाही."

मी म्हटलं, उद्याच बाहेर बस.

ती बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाई आली, "हिम्मत रखो, बाई" म्हणाली आणि काम करून गेली. पोरीनं कांबळं दातांत धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी डाळ घेऊन बसलो होतो, तेव्हा ती खोलीच्या दारात चक्कर येऊन पडली. मी धावले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. पाणी संपलं, तशी उठले आणि अंगावर पाणी न घेता काकूंच्या पिण्याच्या घागरीत तांब्या बुडवला. काय म्हणावं या अकलेला! ती बाहेरची नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून विटाळ पाळायचा राहूनच गेला. ती खरी बाहेरची असती तर मेले तरी माझा हात त्या घागरीला लागला नसता. थोरला पूजेसाठी सोवळं नेसून ओसरीवर उभा होता. त्यानं घागरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. कळलं त्याला, विटाळ खोटा आहे आणि मला ते ठाऊक आहे.

गर्भ गेल्याचं त्याला दुःख नव्हतं. आपलं पाप गल्लीतल्या बायकांना ठाऊक झालं, याचा संताप होता. तो छडी घेऊनच परसात उतरला. पहिला फटका तिच्या पाठीवर, दुसरा उघड्या डोक्यावर. कातडी फाटली आणि रक्त तिच्या डोळ्यांत उतरलं. तिसरा मी हातावर घेतला, काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग छडी न सोडताच दुसऱ्या हातानं त्यानं तिचा गळा धरला आणि तिला परसातल्या विहिरीकडे फरफटत नेऊ लागला. मी त्याच्या पोटरीत दात रोवले, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. त्यानं लाथ घातली. माझे दोन दात तिथेच पडले. माझ्याबरोबरची बाई मदतीला हाका मारत सुटली, पण ती पोर तोवर विहिरीच्या कठड्याला टेकली होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या. अंगावर विधवेचं लाल आलवण, हातात चुलीतलं जळतं लाकूड. मला वाटलं, आता आम्ही दोघी मेलो. त्यांनी ते लाकूड मुलाच्या मनगटावर हाणलं, गळा धरलेल्या हाताच्या. कातडी जळल्याचा वास आला. त्यानं गळा सोडला.

"ती बाहेरची आहे," काकू म्हणाल्या. "चौथा दिवस अजून उजाडायचाय. तू तिला शिवलास. आता या घरात पाऊल टाकायचं नाही."

तो म्हणायला लागला, आई, ही खोटी बसलीय. काकूंनी तेच लाकूड त्याच्या तोंडावर मारलं. तो छावणीत गेला तो गेलाच, त्या घरी परत जेवला नाही.

चौथ्या दिवशी काकूंनी आम्हा दोघींना परसात पाटावर बसवलं. माझा हात फळीला बांधलेला. जखम चुकवून काकू सुनेच्या डोक्यावर ऊन पाणी घालत होत्या. मी चुकले म्हणून सांगायला गेले, पण दोन दात गेलेले, तोंड सुजलेलं, धड शब्द फुटेना.

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"खोटं बसायचं तर नीट बसावं गं," त्या म्हणाल्या. "मी तीनदा बसले. माझ्या दाराशी कुणी नव्हतं."

पुढच्या आठवड्यात काकू सुनेला घेऊन पोथीला आल्या. आम्ही सरकून आत जागा केली. त्यांनी सुनेला आत बसवलं आणि स्वतः दाराशी बसल्या.